फवारणीचा ड्रोन उडवणाऱ्यांचे आणि त्याच्या टाकीत औषध भरणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
प्रत : मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

आम्ही विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात ड्रोनने फवारणी करणारे चालक आणि त्यांचे मदतनीस आहोत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरण्याची वेळ आता माणसावर येणार नाही, याचा ड्रोन आल्यावर आम्हाला सर्वांत मोठा दिलासा वाटला. तो खरा आहे, पण अपुरा आहे.

पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोनची टाकी साधारण दहा लिटरची, आणि तेवढ्यात एकर होतो. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच राहते. म्हणजे द्रावण पंधरा-वीस पट कडक. दर काही मिनिटांनी ड्रोन बांधावर उतरतो, बॅटरी बदलायची, टाकी भरायची, पुन्हा उडवायचा. हे द्रावण कालवणारा गडी दिवसभर बादलीवर वाकलेला असतो, तोंडाला रुमाल, हात बहुधा उघडेच. शेतभर पसरलेला धोका आता बांधावरच्या त्या एका माणसावर येऊन पडला आहे. ‘ड्रोन नियम, २०२१’ मध्ये ड्रोनला ओळख क्रमांक आहे, चालकाला प्रमाणपत्र आहे. या माणसाचा उल्लेख नाही.

म्हणून पहिली मागणी त्याच्यासाठी. हातमोजे, मुखवटा, चष्मा, एप्रन यांचा संच ड्रोनच्या अनुदानातच धरावा, सुटा मागायला लावू नये. नियमाप्रमाणे आम्ही त्रयस्थ पक्षाचा विमा उतरवतो. त्यात रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला संरक्षण मिळते, चालकाला आणि मदतनिसाला मिळत नाही. या दोघांसाठी विषबाधा धरून अपघात विम्याची योजना राज्याने काढावी आणि पहिली तीन वर्षे हप्ता भरावा. ड्रोनने मारण्यास मान्य असलेल्या औषधाच्या बाटलीवर दहा लिटर पाण्याची मात्रा ठळक मराठीत छापली जावी, यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. आज कृषी सेवा केंद्रात विचारले तर पंपाचेच प्रमाण सांगतात.

प्रशिक्षणाबाबत आमचे मत स्पष्ट आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटातील महिलेला १५ दिवस शिकवतात, त्यातले ५ दिवस उडवण्याचे आणि १० खत-औषध फवारणीचे. हे प्रमाण योग्य आहे. फवारणी करणाऱ्या प्रत्येक चालकाला तेच बंधनकारक करा, आमची हरकत नाही. यंत्र सरळ उडवणे चार-पाच दिवसांत जमते. वारा कधी फिरतो हे ओळखायला मात्र शिकावे लागते. शेजारच्या उसात किंवा मक्यात मारलेले टू-फोर-डी तणनाशक वाऱ्यावर कपाशीवर आले, की पाने आखडून भेंडीच्या पानासारखी चिरतात. मग दोन शेतकऱ्यांचे भांडण चालकाच्या अंगावर येते. प्रत्येक फवारणीची वेळ, वारा, औषध आणि गट क्रमांक यांची नोंद ठेवायला आम्ही तयार आहोत. त्या बदल्यात नुकसानीचा पंचनामा सहायक कृषी अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत करावा आणि आमची नोंद पुरावा म्हणून धरावी.

आकाशाबद्दल एकच मागणी. चालू विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र धरतात, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली, याचा आम्हालाही आनंद आहे. तशी विमाने इतर जिल्ह्यांतही येतील, यावीत. पण फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वर असतो आणि बोंडअळी परवानगीसाठी थांबत नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांचा उतरण्या-चढण्याचा पट्टा पूर्ण वर्ज्य ठेवून, उरलेल्या भागात दहा मीटरखालच्या फवारणीला हंगामापुरती एकदाच परवानगी द्यावी.

दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी हवे, हे वेगळे पटवून द्यायला नको. मोटर जळली आणि ड्रोन पुण्याला पाठवला, की हंगाम हातचा जातो.

येत्या खरिपाच्या पेरण्यांपूर्वी या मागण्यांवर बैठक बोलवावी. चालकांसोबत किमान दोन मदतनिसांनाही त्या बैठकीत बसवावे आणि त्यांच्या त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीची सोय करावी.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद