तुटपुंज्या पैशांतले महानायक

चिलीचा ‘मिराजमन’ (२००७) हा महानायकाचा चित्रपट पाहताना त्याच्या तुटपुंज्या खर्चाची आठवणही होत नाही. मुखवट्यामागचा मार्को झारोर मार्शल आर्ट्समध्ये मुरलेला. लाथा त्याच्या, उड्याही त्याच्याच. दिग्दर्शक एर्नेस्तो दियास एस्पिनोझा यांनी हॉलिवूडच्या डोलाऱ्याऐवजी या कसलेल्या देहावर भिस्त ठेवली. ती योग्यच होती.

असा महानायक महाराष्ट्रातही घडला, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी साध्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव का सुपरमॅन’ चित्रित केला. नायक शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगाने अगदी किडकिडीत. हवेत उडण्याच्या दृश्यांसाठी मागे हिरवा पडदा लावला. फैझा अहमद खान यांनी या खटाटोपावर केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला. शफीक पुढे कर्करोगाने गेले. २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर प्रदर्शित झाला, तो याच मंडळींवर.

असा चित्रपट नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या लोहा तालुक्यातही होऊ शकतो; इथे कसलेल्या अंगांची वाण नाही. तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत दरवर्षी कुस्त्यांची दंगल भरते. कॅमेरा आज प्रत्येक खिशात आहे. इथल्या तरुणांनी या मल्लांना नायक करून आपल्या बोलीत चित्रपट करावा.