फिल्म निर्दोष, म्हणून मालकही निर्दोष

भिवंडीच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभा असणारा कामगार छाती आवळते, दम लागतो म्हणून दवाखान्यात जातो. तेथे त्याचा हृदयालेख काढतात, क्ष-किरण फिल्म घेतात, क्षयाच्या संशयाने थुंकी तपासतात. या तपासण्या हव्यातच. हृदयविकार वा क्षय नजरेआड होता कामा नये. परंतु सारे निर्दोष निघाले की 'तुला काही झालेले नाही' म्हणून त्याची बोळवण होते. काम कोणते करतोस, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्रास वाढतो काय, हे कोणी विचारीत नाही. विचारायला पैसा तरी कुठे पडतो!

कापसाच्या धुळीने जडणाऱ्या बिसिनोसिसची खूण नेमकी हीच. आरंभी तो फिल्मवर दिसत नाही. पाळीपूर्वी आणि पाळीनंतर नळीत जोराने फुंकायला लावून श्वास मोजला, तर हाती लागू शकतो. लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग यांनी 1950 च्या दशकातच त्याच्या पायऱ्या ठरविल्या. आपल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. पण निदानच नाही, तेथे भरपाई कसली? त्यात 21 नोव्हेंबर 2025 रोजी अंमलात आलेल्या संहितेने विजेवरील कारखान्याची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर नेली. छोट्या शेडच्या मालकांना आणखी काय हवे?

मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा तपासणीसाठी एक खाडा म्हणजे त्या दिवसाची भाकर गेली. म्हणून श्वासमापनाचे यंत्रच शेडच्या दाराशी आले पाहिजे, मालकाच्या खर्चाने. आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हाती.