सर, जे लिहायचं ते ग्रुपवर लिहा

शिक्षकहो, पालकहो, दहावीचे पेपर तोंडावर आलेत. शाळाशाळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री उशिरापर्यंत वाजताहेत. हॉलतिकिटं आली, प्रात्यक्षिकाची वेळ बदलली, भूमितीचं प्रमेय अडलं, सगळं मेसेजवर झटक्यात मिटतं. ते बंद करा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला एकट्याला मेसेज पाठवणं मात्र आजपासून थांबलं पाहिजे.

सुरुवात कधीच वावगी नसते. ‘तिसरा धडा झाला का?’ मग ‘अजून जागी?’ मग ‘डीपी छान आहे.’ चौथ्या मेसेजपर्यंत मुलीला गप्प राहण्याचीही सोय उरत नाही, कारण अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण त्याच सरांच्या हातात असतात. (मुलग्यांच्या बाबतीतही हे घडतं, ते बोलत नाहीत इतकंच.) पुष्कळ मुलींकडे स्वतःचा फोनही नसतो. भावाच्या फोनवर रात्री साडेदहाला सरांचा साधा निरोप आला, तरी झडती तिचीच होते आणि एखाद्या घरात शाळाच सुटते. सरळमार्गी शिक्षकालाही हे महागात पडतं. उद्या कोणी बोट दाखवलं, तर त्याच्या बाजूने बोलणार कोण?

मुख्याध्यापकांनी याच आठवड्यात पालक-शिक्षक संघाची बैठक लावावी. ग्रुपमध्ये पालक आणि आणखी एक शिक्षक हवेतच. साध्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर अख्ख्या वर्गाला दिसतात आणि तिथूनच ते फुटतात. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये ते एकमेकांना दिसत नाहीत, तो वापरा. रात्री आठनंतर निरोप नकोत, शंका सकाळी वर्गात विचारता येते. 2022च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती खरंच बसते की नुसती फाइलमध्ये आहे, हे पालकांनी बैठकीत उभं राहून विचारावं.

आणि ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या संस्थाचालकांसाठी: लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलाशी फोनवरून वारंवार संपर्क साधणं हा 2012च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तो ठाऊक असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच. संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू वगैरे नंतर बघू.

मुलांनो, असा मेसेज आला तर डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, आईला किंवा विश्वासाच्या बाईंना दाखवा. घरी सांगायची भीती वाटत असेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 लावा. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो.