परवलीचा शब्द आणि माणसाचें मन

बँकेच्या नांवानें कोणीसा फोन करतो, आणि घरांतील एखादें वडील माणूस नको तो आंकडा सांगून बसतें. मग सारें घर त्या माणसासच दोष देतें. हा दोष खरोखर कोणाचा, या प्रश्नास ज्या विदुषीनें आपलें आयुष्य वाहिलें, तिच्या व्यासंगाची ओळख वाचकांस करून द्यावीशी वाटते.

मार्टिना अँजेला सासे या मूळच्या जर्मनीच्या. त्यांचा पाया मानसशास्त्राचा. पुढें इंग्लंडांत १९९० सालीं त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अध्यापनास लागल्या, आणि बर्मिंगहॅम येथें संगणकशास्त्रांत डॉक्टरेटही त्यांनीं मिळविली. संगणकाच्या संरक्षणाचा विचार तेव्हां गणिती व यंत्रज्ञ करीत. कुलूप भक्कम झालें कीं काम संपलें. तरीही चोरी झाली तर किल्ली वापरणारा मूर्ख, अशी साधारण समजूत. सासेबाईंनीं ॲन ॲडम्स यांच्यासह त्या किल्ली वापरणाऱ्यासच जाऊन विचारलें. १३९ प्रश्नावल्या व ३० मुलाखती यांच्या आधारें लिहिलेला त्यांचा निबंध डिसेंबर १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. 'वापरणारे शत्रु नव्हेत' अशा अर्थाचें त्याचें शीर्षक.

निष्पन्न काय झालें ? एकेका कर्मचाऱ्याच्या माथीं अनेक परवलीचे शब्द, ज्यांस आपण पासवर्ड म्हणतों, आणि ते मुदतीनें बदलण्याची सक्ती. स्मरणशक्तीस हें पेलेना. मग तो बिचारा एकाच नांवापुढें एक, दोन, तीन असे आंकडे लावी, नाहीं तर चिठ्ठीवर लिहून ठेवी. नियम जितका कडक, तितकें कुलूप ढिलें ! याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. नोकरांच्या वैयक्तिक नोंदी लोकांस जपण्यासारख्या वाटत. परंतु ग्राहकांच्या याद्या व पैशाचे हिशेब, ज्यांवर प्रतिस्पर्ध्याचा डोळा, ते तितके मोलाचे वाटत नसत. धोका कोठें आहे हें त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. म्हणून ज्यानें त्यानें आपल्या मनानें एक धोका कल्पिला आणि तेवढ्यापुरती सावधगिरी बाळगली. रज्जूवर सर्प भासतो हें आपण वेदान्तांत शिकतों. येथें सर्पावर रज्जु भासत होती.

वर्गांतील एक मुलगा नापास झाला तर तो उनाड असेल. सारा वर्ग नापास झाला तर शहाणा मास्तर आपली प्रश्नपत्रिका पुन्हा वाचतो. (उनाड मुलेंही असतात, हें सासेबाईंनीं थोडें अधिक मनावर घ्यावयास हवें होतें, असें माझें मत.) २००८ सालीं त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह आणखी एक कल्पना मांडली : नियम पाळण्याचे कष्ट माणूस खर्चासारखे मोजतो, आणि शिल्लक संपली कीं पुढचा नियम योग्य असला तरी मोडतो.

सरकार-दरबारीं हा विचार उशिरा पोंचला. ब्रिटननें २०१५ सालीं पासवर्डाचे नियम सोपे करण्याचा सल्ला दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेनें २०१७ सालीं मुदतीच्या बदलाची सक्ती नको म्हटलें; तिच्या जुन्या नियमावलीचे लेखक बिल बर यांनीं त्याच वर्षीं आपल्या सल्ल्याबद्दल खेद प्रकट केला.

२०१८ सालीं सासेबाई जर्मनींत बोखुम येथील विद्यापीठांत गेल्या. अलीकडे कित्येक कचेऱ्या आपल्याच नोकरांस बनावट ई-मेल पाठवून कोण फसतो तें पाहतात. या प्रथेची त्यांनीं २०२० सालीं दोन विदुषींसह छाननी केली, आणि अशानें नोकर व सुरक्षाधिकारी यांच्यांतील विश्वासास तडा जातो असा इशारा दिला. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या कचेरींत ही परीक्षा होत असल्यास त्यांनीं आपला अनुभव अवश्य कळवावा.