भाकरीची लाज कुणाला?

नाताळच्या सुट्टीत वसई-मुंबईकडील मंडळी आता बीड जिल्ह्यातील आपल्या बांधवांच्या भेटीस येऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु गाडीतून माणसांबरोबर बासमतीच्या पिशव्या, सुकी मासळी, मसाल्यांचे डबे आणि वेगळी चूल मांडण्याचा बेतही उतरतो, तेव्हा हा पाहुणचार आहे की छावणी, असा प्रश्न विचारणे मला कर्तव्य वाटते.

मीही भात-मासळीवर वाढलेला माणूस. या मुलखात ज्वारीची भाकरी, पिठले, धपाटे आणि ठेचा हेच माझे अन्न झाले. जीभ शिकते, मात्र तिला शिकू द्यावे लागते.

नाताळच्या दिवसांत इथल्या घराची स्थिती काय असते, याचा विचार आपण करतो काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन उसाच्या तोडीवर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. ती परततात मार्च-एप्रिलच्या सुमारास. गावात उरतात म्हातारी माणसे आणि काही लेकरे. अशा घरातील आजी पाहुण्यांसाठी उसनवारी करून तांदूळ आणि गव्हाचे पीठ आणते. तिने भाकरीची टोपली झाकून ठेवली तर तिला ती लाज कुणी शिकवली? पहिल्या घासाला आक्रसलेल्या आपल्या चेहऱ्यानेच ना?

कुणी म्हणेल, पोटाला सोसत नाही. आजारी माणसाचे पथ्य कोणतीही गृहिणी समजून घेते. ते मोकळेपणाने सांगावे. कमी वाढा म्हणण्यातही काही गैर नाही. पण पथ्य निराळे आणि नापसंती निराळी. दुसरा आक्षेप असा की, आपला शिधा नेल्याने यजमानाचा भार हलका होतो. तसे असेल तर तो तिच्या हाती द्यावा आणि तिने रांधलेले खावे. वसईची सुकेळी भेट म्हणून अवश्य आणावीत. ती सर्वांत वाटली जातात. वेगळी चूल मात्र माणसे वाटून टाकते.

प्रभू येशूने शिष्यांना गावोगाव पाठवताना शिदोरीची झोळी घेऊ दिली नाही. समोर येईल ते खा, असे बजावले. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण वाचतो, पण प्रवासाला निघताना विसरतो. योहान सांगतो की, पाच हजारांना पुरलेल्या भाकरी जवाच्या होत्या. जव हे त्या काळचे गरिबांचे धान्य. प्रभूने गव्हाची वाट पाहिली नाही.

विनोद असा की, संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि ज्वारी-बाजरी शहरी दुकानांत चकचकीत पाकिटांतून मानाने विराजमान झाली. तिथे दाम मोजून घेतलेले धान्य पौष्टिक, आणि आजीच्या तव्यावरचे तेच धान्य गावंढळ? हा न्याय कुठला?

इथल्या लोकांकडून आतिथ्य शिकावे. लातूर-धाराशिवकडे आणि त्याला लागून असलेल्या अंबाजोगाई परिसरात मार्गशीर्षाच्या अमावास्येला, बहुधा नाताळच्या आगेमागेच, वेळ अमावास्या होते. भज्जी, उंडे आणि ताकातली आंबील घेऊन घरे शेतात जातात आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात. त्याची जात, धर्म, गाव कुणी पुसत नाही.

तेव्हा येणाऱ्यांनी अवश्य यावे, दोन दिवस राहावे, आगटीवरचा हुरडा हातावर चोळून खावा. ऊसतोडीवर गेलेल्या लेकासुनेची विचारपूस करावी. उरलेली उचल फिटायची किती, हेही विचारावे. ज्या घरची भाकरी आपल्याला चालत नाही, त्या घरच्या माणसांना बंधू-भगिनी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.