राहूचे मस्तक आणि आमची घरे

राहुरी हे नाव कसे पडले, असे अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या बाजूच्या कोणाही वृद्धास विचारावे. उत्तर ठरलेले आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत विष्णूने मोहिनीरूपाने नेवाशास वाटले. देवांच्या पंक्तीत एक दैत्य चोरून बसला, तो सूर्यचंद्रांनी दाखवून दिला. सुदर्शनाने उडालेले त्याचे मस्तक पडले ती राहुरी, आणि काया पडली ते कायगाव. नेवाशास मोहिनीराजाचे देऊळ आहेच. तेव्हा कथेस साक्षीदारही मिळाला!

ही कथा एका दिवसात सिद्ध झालेली नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानु नावाचा असुर सूर्यास अंधाराने ग्रासतो आणि अत्रि ऋषी त्यास सोडवितात; तेथे अमृतही नाही आणि तुटलेले मस्तकही नाही. महाभारताच्या आदिपर्वात व भागवताच्या आठव्या स्कंधात मस्तक तुटते, परंतु राहुरीचे नाव नाही. गावे जोडली ती आमच्याच लोकांनी, आणि ती किती नेमकेपणाने! राहुरी मुळेच्या काठी. मुळा नेवाशाजवळ प्रवरेस मिळते. प्रवरा पुढे टोके-कायगावापाशी गोदावरीस मिळते. मस्तक, अमृत आणि काया ही तिन्ही एकाच पाण्याच्या वाटेवर आहेत. ज्यांच्या हाती छापील नकाशा नव्हता, त्यांनी साऱ्या खोऱ्याचा नकाशा कथेत घालून मुलाबाळांस तोंडपाठ करून दिला.

या भूमीचे प्राचीनत्व कथेवर अवलंबून आहे, असेही नाही. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने नेवाशास उत्खनन केले. तेथे अश्मयुगीन हत्यारे सापडली, तशीच तीन हजार वर्षांपूर्वीची वस्तीही सापडली. एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांची माळ, आत धाग्याचा अंश राहिलेली, हाती आली. त्या मातेने आपल्या लेकरास कोणत्या गोष्टी सांगितल्या असतील, ते माती सांगत नाही. माळ मातीने राखली. गोष्टी राखावयाच्या त्या जिभेनेच.

म्हणून कथा टिकावी, असे आम्हांस मनापासून वाटते. परंतु कथा राखणे निराळे आणि तिच्या नावाने घरातील माणसास जाच करणे निराळे. ग्रहण लागले की गर्भवती सुनेस तासन् तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसविणारी सुशिक्षित घरे अद्याप आहेत. शाळेत पृथ्वीची छाया शिकून आलेला नातू प्रश्न विचारतो, तेव्हा त्यास ‘साहेबी शिक्षणाचे फळ’ म्हणून गप्प करण्यात येते.

वस्तुतः हे शिक्षण साहेबाचे नव्हे. ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रहणाचे कारण छाया हेच सांगितले, आणि वराहमिहिरानेही बृहत्संहितेत राहू हे कारण नव्हे, असे स्पष्ट म्हटले. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने श्रुतिस्मृतींचा मान राखण्यासाठी राहूची बाजू घेतली खरी. पण ग्रहणाचे गणित मांडताना छायाच हिशेबात धरली! मुखी राहू आणि गणितात छाया, हा आमच्या घरांचा जुनाच संसार आहे. पंचांगातील राहू व केतू हेही दैत्य नसून सूर्याचा मार्ग व चंद्राचा मार्ग जेथे एकमेकांस छेदतात ते दोन बिंदू होत. ते सुमारे साडेअठरा वर्षांत उलट गतीने राशिचक्राचा एक फेरा पुरा करतात.

तेव्हा पुढील ग्रहणास आजीने राहुरीची गोष्ट अवश्य सांगावी, आणि नातवाने चेंडू व दिवा घेऊन छाया कशी पडते ते आजीस दाखवावे. एकाने दुसऱ्यास खोटे पाडण्याचे कारण नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी न पाहण्याचा नियम मात्र सर्वांनी पाळावा, कारण त्याने डोळे खरोखर जातात. आणि सुनेस भूक लागली असेल, तर तिला वेळेवर पान वाढावे. राहूने अमृत चोरले त्याचे शासन त्यास तेव्हाच मिळाले; ते घरच्या लेकीसुनांनी पुन्हा भोगावे, असे कोणत्याही कथेत सांगितलेले नाही.