नवस एकाचा, फेड दुसरीची

कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगराजवळ जोगळभावी नावाचं कुंड आहे. यल्लम्माच्या दर्शनाला निघालेले भाविक आधी तिथं अंघोळ करतात. त्या पाण्यानं अंगावरचे त्वचारोग जातात, अशी श्रद्धा आहे. त्यामागं रेणुकेची, म्हणजेच यल्लम्माची, कथा सांगतात. नवऱ्याच्या, जमदग्नीच्या, शापानं तिच्या सर्वांगाला रोग जडला, त्यानं तिला घराबाहेर काढलं. तेव्हा एकय्या आणि जोगय्या या दोन साधूंनी तिला इथं स्नान घालून बरं केलं. मात्र नुसत्या स्नानावर भागणार नव्हतं. गावात फिरून जोगवा माग आणि मिळेल त्यातलं अर्धं आम्हाला दे, असंही त्यांनी तिला बजावलं होतं.

म्हणजे दुखणं, त्यावरचा उतारा आणि दान यांची सांगड या मुलखात जुनीच आहे. स्वतःचं मन सावरायचं असेल तर दुसऱ्यासाठी काहीतरी करा, असा सल्ला आज समुपदेशकही देतात आणि तो चुकीचाही नाही. प्रश्न एवढाच, की एकाला बरं वाटावं म्हणून दिलेल्या दानाची किंमत कोण मोजतं?

या डोंगरानं त्याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. घरातलं आजारपण हटेना, मुलगा होईना, पोरीच्या केसांत जट झाली, की नवस बोलला जायचा आणि मुलगी देवीला सोडली जायची. गळ्यात मण्यांची माळ घातली, हातात परडी दिली, की विधी पुरा आणि मुलगी देवदासी, म्हणजेच जोगतीण. मुलगा नसलेल्या घरात तर यात सोयही होती. सोडलेली पोर लग्न होऊन सासरी जात नाही, म्हातारपणी आईबापांना तीच सांभाळते. सोडलेल्या मुली बहुतेक दलित वस्तीतल्या आणि त्यांना ‘ठेवणारे’ गावातले ऐपतदार. दुखणं थोरांचं, नवस त्यांचा. फेडायचा मात्र सहा-सात वर्षांच्या मुलीनं, तोही जन्मभर. याला दान म्हणणं हाच मोठा अन्याय होता.

हा अन्याय उघडा पाडणारी माणसंही याच पट्ट्यातली. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळ्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या मुली, सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची शाखा हुबळीतही होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. धारवाड आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यानं १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा इथंही लागू झाला. सत्तरच्या दशकात गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासी संघटित होऊ लागल्या. कर्नाटकानं १९८२ मध्ये स्वतंत्र बंदी कायदा केला. एवढं सगळं होऊनही राज्य सरकारच्या २००७-०८ च्या सर्वेक्षणात ४६,६६० देवदासींची नोंद झाली.

कायद्यानं प्रथा गुन्हा ठरली. पण आधीच सोडलेल्या बाईचं काय? शाळेच्या अर्जावर बापाच्या नावाची रिकामी ओळ, गावातली टोमणे मारणारी तोंडं, उतारवयात सुटलेला आधार आणि ‘देवीनंच आपल्याला निवडलं’ हा मनात घट्ट बसलेला धाक. यातलं दंडाच्या कलमानं काय बरं होणार?

या प्रश्नाचं उत्तर घटप्रभेत सापडतं. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना वयाच्या सातव्या वर्षी देवीला सोडलं होतं. पुढं त्यांच्यासारख्याच बायका एकत्र आल्या आणि १९९७ मध्ये घटप्रभेत ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ उभी राहिली. सगळे तिला ‘मास’ म्हणतात. मायराडा ही स्वयंसेवी संस्था आणि राज्य महिला विकास महामंडळ यांनी सुरुवातीला हात दिला, पण कारभार देवदासी म्हणून जगलेल्या बायकांनीच हाती घेतला. बचतगट, मुलांची शाळा, जत्रेत फिरून जागृती, कुठं मुलगी सोडली जाणार अशी कुणकुण लागली की तिथं पोचणं, अशी त्यांची कामं. चार हजारांहून अधिक जणींना या संस्थेनं नव्या वाटेवर आणलं. २०१८ मध्ये सीतव्वांना पद्मश्री मिळाली.

यात कोण कुणाला बरं करत होतं? जिला सोडलं होतं, तीच दुसऱ्या पोरीला सोडू न देण्यासाठी दारात उभी राहत होती. तिच्या मनावरचा घाव आणि समाजातला अन्याय या दोन वेगळ्या फायली नव्हत्याच. स्वतःच्या दुःखाला नाव मिळालं, ते आपल्या एकटीचं नशीब नव्हे हे कळलं, चारचौघींसमोर बोलता आलं, हातात बचतीचं पुस्तक आलं. सावरण्याची ही वाट केवळ बाहेरून आलेल्या मदतीनं खुली झाली नसती.

दात्यांनाही हे शिकावं लागतं. हुबळीत वाढलेल्या सुधा मूर्ती इन्फोसिस फाउंडेशनतर्फे रायचूर भागातल्या देवदासींकडे पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्या बायकांनी त्यांच्यावर चपला फेकल्या. दुसऱ्या खेपेला टोमॅटो आले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच ‘थ्री थाउजंड स्टिचेस’ या २०१७ च्या पुस्तकात लिहिला आहे. वडिलांच्या सल्ल्यानं त्यांनी वागण्याची रीत बदलली, वडिलांनाच सोबत नेलं, ऐकून घेतलं आणि मग काम सुरू झालं. काही वर्षांनंतर तीन हजार जणींनी एकेक टाका घालून शिवलेली गोधडी त्यांना भेट दिली. घेणाऱ्यांनाही देता यावं, इतकं बळ ज्या दानातून येतं, ते खरं दान.

याचा अर्थ अन्नदान फुकट, असा नव्हे. हुबळीच्या सिद्धारूढ मठात जात न विचारता पंगत बसते, दासोहाची ही परंपरा मोलाची आहे. पण भुकेल्याला ताट दिलं की भूक भागते. देवदासीच्या मुलीला ताट दिलं तरी बापाच्या नावाची ओळ रिकामीच राहते. तिथं हक्क लागतो. २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळानं मंजूर केलेल्या नव्या विधेयकात या मुलांना बापाची ओळख ठरवून मागण्याचा आणि त्याच्या मालमत्तेतल्या वाट्याचा हक्क आहे. तो मिळवायचा तर कागद, वकील, फेऱ्या आणि धीर हवा. दानाचा पैसा इथं खर्च व्हायला हवा.

आणि मनाच्या उपचारासाठीही. सौंदत्तीपासून सुमारे ४० किलोमीटरवर धारवाड आहे. तिथं १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, आजची ‘डिमहान्स’ संस्था. इतकं जवळ असूनही अंगात येणं, जट, घरातलं अपयश यांवर विचारायला माणसं अजून आधी डोंगर चढतात. श्रद्धेवर बोट ठेवण्याची गरज नाही. पण डोंगरावर देवीच्या दर्शनाइतकीच सहज समुपदेशकाची गाठ पडली, तर किती नवस बोलायच्या आतच थांबतील!

सौंदत्तीच्या विकासासाठी २०२४ मध्ये केंद्राकडून सुमारे १०० कोटी रुपये मंजूर झाले. रस्ते, निवास, सोयी होतील, व्हायलाच हव्यात. त्यासोबत देवस्थानानं आपल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा माजी देवदासींचा वृद्धापकाळ, त्यांच्या मुलांचं शिक्षण आणि कायदेशीर मदत यांसाठी राखून ठेवावा. त्याचा विनियोग ठरवणाऱ्या समितीत निम्म्या तरी जागा याच बायकांच्या असाव्यात.

मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून गाड्या भरभरून सौंदत्तीला येतात. त्या मराठी भाविकांना विनंती आहे. देवीला जे वाहायचं ते वाहा. पण तेवढीच रक्कम, निम्मी तरी, देवदासींनी स्वतः चालवलेल्या संस्थेला द्या आणि परतल्यावर आपल्या गावातल्या जोगतिणीला पेन्शन मिळते का, तिच्या नातवाचा शाळेचा दाखला अडला आहे का, एवढं विचारून या. अडला असेल तर तिच्यासोबत तहसील कचेरीत जा.